तक्रारीचा टाळ



आज एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. प्रत्येक जीव आपल्या पोटासाठी धडपडतो. मिळेल ते आधी आपल्याकडे ओढतो. असे असताना एकमेकांसाठी झिजणारे जीव या जगात टिकले कसे? आपण वारकरी या प्रश्नाचे उत्तर एका नामात देऊन मोकळे होऊ, आणि ते उत्तर आपल्यापुरते खरेच आहे. पण गेली दीडशे वर्षे काही अभ्यासक हेच कोडे मोजमाप करत सोडवीत आले आहेत. त्यांचे काम वाचताना आमच्या घरातले एक जुने भांडण मला पहिल्यांदा नीट उमगले. म्हणून हे लिहायला बसलो.

चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली माणसाच्या उत्पत्तीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा पेच मांडला आहे. टोळीसाठी जीव धोक्यात घालणारा माणूस लवकर मरतो आणि मागे कमी लेकरे ठेवतो. मागे राहणारा, अंग चोरणारा मात्र वाढत जातो. मग काही पिढ्यांत जगात अंगचोरच उरायला हवेत. तसे झालेले दिसत नाही. का?

एक उत्तर रक्ताच्या नात्याचे आहे. इंग्लंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली ते गणिताने मांडले. भावासाठी झिजलो तर माझ्याच वंशाचा काही भाग पुढे जातो, असा त्याचा मथितार्थ. मुंग्या आणि मधमाश्या यांच्याबाबत या विचाराने पुष्कळ उलगडा झाला. पण माउली, ज्या भाषेत ‘भाऊबंदकी’ नावाचा शब्द आहे, त्या भाषेतल्या माणसाचे एवढ्या उत्तराने समाधान होत नाही.

दुसरे उत्तर अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी शोधले. १९८० च्या सुमारास त्यांनी संगणकावर एक स्पर्धा भरवली. खेळ दोघांचा. प्रत्येक खेपेला दोघांनी एकाच वेळी ठरवायचे : साथ द्यायची की दगा. दोघांनी साथ दिली तर प्रत्येकी ३ गुण. दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी १. एकाने साथ दिली आणि दुसऱ्याने दगा, तर दगा देणाऱ्याला ५ आणि बिचाऱ्या साथ देणाऱ्याला शून्य. एकदाच खेळायचे असेल तर दगाच फायद्याचा, हे कोणीही सांगेल. पण इथे त्याच जोडीदाराशी २०० वेळा खेळायचे होते. विद्वानांकडून १४ डाव आले. कोणी पुढच्याचा अंदाज घेऊन हळूच दगा देणारा, कोणी एकदा दुखावला की कधीच माफ न करणारा.

जिंकला तो सगळ्यांत आखूड डाव. टोरांटो विद्यापीठाच्या अनातोल रापोपोर्ट यांनी तो पाठवला होता. आपण त्याला ‘जशास तसे’ म्हणू. त्याची रीत दोन वाक्यांची : सुरुवात साथीने करायची, नंतर पुढच्याने मागच्या खेपेला जे केले, तेच आपण करायचे. अ‍ॅक्सेलरॉड यांनी हा निकाल सर्वांना कळवून पुन्हा स्पर्धा घेतली. या वेळी सहा देशांतून ६२ डाव आले. पुन्हा ‘जशास तसे’च पहिला.

यातली एक गोष्ट मनन करण्याजोगी आहे. ‘जशास तसे’ हा डाव समोरच्या कोणालाही एका सामन्यात हरवू शकत नाही. त्याला फार तर बरोबरी साधता येते, कारण तो आपणहून कधी दगा देत नाही. तरी सगळ्या सामन्यांची बेरीज केली की तो वर. पहिल्या स्पर्धेतले वरचे आठही डाव असेच होते, आपणहून पहिला दगा न देणारे. शेजाऱ्यापेक्षा मला जास्त मिळाले का, हे बघत बसणारे खाली राहिले. दोघांचे मिळून किती झाले, हे ज्यांच्या वागण्यात होते ते पुढे गेले. त्यांना साधुत्वाची गुणपत्रिका मिळत नव्हती, गुण व्यवहाराचेच होते, हे विसरू नका.

इथवर वाचून मला बरे वाटले होते. पुढचे वाचले आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

‘जशास तसे’ला एक रोग आहे. समजा, दोघेही भले आहेत आणि दोघेही जशास तसे वागणारे आहेत. एखाद्या खेपेला चुकून, गैरसमजाने, एकाची साथ दुसऱ्याला दग्यासारखी दिसली. दुसरा त्याची परतफेड करतो. पहिल्याला ती परतफेड वाटत नाही, नवा दगा वाटतो. तोही फेडतो. डोंगरात हाक मारल्यावर प्रतिध्वनी या कड्यावरून त्या कड्यावर जावा, तसा तो एकच दगा दोघांमध्ये फिरत राहतो. मूळ चूक कोणाचीच नसते आणि भांडण मात्र संपत नाही.

हे मी पाहिलेले आहे. आमचे गाव माण तालुक्यातले. पाण्याचे दुर्भिक्ष तिथे जन्मापासून सोबत येते. वडील आणि चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, यांची एका विहिरीत आठ-आठ आण्यांची पाती होती. पाळी चार-चार दिवसांची. १९९३ च्या उन्हाळ्यात तात्यांच्या पाळीच्या शेवटच्या रात्री डीपी जळाला. लाइट आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे वडिलांच्या पाळीत. तात्यांनी रात्रीचे बुडालेले दोन तास भरून काढायला मोटर चालू केली. वडील रानात पोचले तर पाणी तात्यांच्या कांद्याच्या वाफ्यात चाललेले. तात्यांच्या हिशोबाने ते त्यांचे पाणी होते, वडिलांच्या हिशोबाने ती चोरी होती. पुढच्या पाळीला वडिलांनी दोन तास जादा मोटर चालवली, फिटंफाट म्हणून. तात्यांना ती फिटंफाट कशी दिसणार?

मग स्टार्टरच्या पेटीला कुलूप आले. कुलूप तुटले. बोलणे बंद झाले. वडिलांनी कर्ज काढून आपल्या तुकड्यात दुसरी विहीर घेतली. साठ फुटांवर काळा पाषाण लागला, पाणी लागले नाही. त्या कोरड्या विहिरीचे हप्ते आम्ही सहा वर्षे फेडले. भांडण अकरा वर्षे चालले.

आणि आता यातली खरी गोष्ट सांगतो. हे दोघे भाऊ दर आषाढीला माउलींच्या सोहळ्यात एकाच दिंडीत चालत. दिंडीत ते एकमेकांना ‘माउली’ म्हणत. भेटले की रीतीप्रमाणे एकमेकांच्या पाया पडत. पंगतीत वडील वाढायला असले तर तात्यांच्या पत्रावळीत पिठले पडताना हात आखडत नसे. कोणी पाहिले असते तर म्हणाले असते, काय हे बंधुप्रेम! पंढरपूरहून परतून गावच्या फाट्यावर उतरले की दोघे दोन वाटांनी घरी जात. मी तेव्हा कॉलेजात होतो. मला हे ढोंग वाटायचे. आज वाटत नाही. दिंडीतले वागणे खरे होते आणि रानातलेही खरे होते. माणसे तीच होती. मग वेगळे काय होते?

या प्रश्नाला अभ्यासकांनी जी उत्तरे दिली त्यांतले पहिले क्षमेबद्दल आहे. ऑस्ट्रियाचे दोन गणिती, मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड, यांनी १९९२ साली चुका होणाऱ्या जगात हा खेळ चालवून पाहिला. त्यात टिकला तो ‘उदार जशास तसे’. तो साथीला नेहमी साथ देतो. दग्याची परतफेडही करतो, पण दर वेळी नाही. वर सांगितलेले गुण धरले तर साधारण तीन दग्यांतला एक तो सोडून देतो. कोणता सोडणार हे आधी ठरलेले नसते, त्यामुळे कोणाला त्याचा गैरफायदा घेता येत नाही. त्या एका सोडण्याने प्रतिध्वनी थांबतो.

माउली, इथे घाईने ‘बघा, संतांचेच म्हणणे सिद्ध झाले’ असे म्हणायचा मोह होतो. थोडे थांबा. याच अभ्यासकांना असेही दिसले की जिथे सगळे दगाबाज आहेत, तिथे नुसत्या उदाराचे काही चालत नाही. आधी खमका ‘जशास तसे’ येऊन दगाबाजांना मागे सारतो, तेव्हा कुठे उदाराला जागा होते. अ‍ॅक्सेलरॉड यांच्या दुसऱ्या स्पर्धेत जॉन मेनार्ड स्मिथ या नामांकित शास्त्रज्ञाने ‘दोन दगे लागोपाठ झाल्यावरच परतफेड’ असा क्षमाशील डाव पाठवला होता. त्या सौम्यपणाचा फायदा घेणारे इतर डाव निघाले आणि तो २४ वा आला. संत क्षमा करतात ती गुणांसाठी नव्हे. तिचा हिशोब वेगळा आणि तो या गणितात मावणारा नाही. पण आपण प्रपंचात आहोत. घर उभे ठेवणारी क्षमा कोणती आणि लबाडाला सोकावणारी कोणती, हे आपल्याला पाहावेच लागते.

दुसरे उत्तर समूहाचे. विषय कोंबड्यांचा आहे. माळकऱ्याने अंड्यांचे आकडे सांगावेत का, असे काहींच्या मनात येईल, पण दाखला म्हणून घ्या. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विल्यम म्यूर यांनी १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका पिंजऱ्यात अनेक कोंबड्या कोंडल्या की त्या एकमेकींना टोचून मारतात. नेहमीची रीत अशी की जी एकटी जास्त अंडी देते तिची पिल्ले पुढे वाढवायची. पण ती कदाचित इतरांना दडपूनच जास्त देत असेल! म्यूर यांनी एकटीकडे न पाहता सगळ्या पिंजऱ्याचे मिळून काम पाहिले आणि चांगले पिंजरेच्या पिंजरे पुढच्या पिढीसाठी निवडले. वर्षभरात मरणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्या पिढीत ६८ टक्के होते, ते तिसऱ्या पिढीत ८.८ टक्क्यांवर आले. पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबडीमागे अंडी ९१ होती, ती २३७ झाली.

तराजूत काय टाकतो यावर कोण वर येणार हे ठरते, असा याचा अर्थ. एकेकाला तोलाल तर टोचणारा वर येईल. समूहाला तोलाल तर सांभाळून घेणारा. डार्विन यांनीही आपल्या पेचाचे उत्तर या दिशेनेच शोधले होते : एकमेकांसाठी झटणारी माणसे ज्या टोळीत जास्त, ती टोळी दुसरीवर मात करते. पण या उत्तराला काळी बाजू आहे. आतली साथ बाहेरच्या वैरावर पोसली जाते. आपला गट, आपली जात, आपले गाव यांच्या नावाने जी एकी होते, तिच्यापुढे उभा केलेला कोणीतरी दुसरा असतो. असली एकी आपल्याला नको आहे. मग वैर न लागणारी एकी कशी बांधायची?

इथे मला आपल्या सोहळ्यातला एक प्रसंग आठवतो, जो आपण कितीदा तरी पाहिला असेल. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या, मागेही अनेक. प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. मान, जागा, क्रम, पाण्याचा टँकर, मुक्कामाची जागा यांवरून दिंड्यांत कुरबुरी होतात, हे आपण नाकारू नये. हजारो माणसे उन्हापावसात चालतात, तेव्हा होणारच. पण संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार दंड उंच करतात आणि टाळ-मृदंगांचा तो कल्लोळ एकदम थांबतो. एवढ्या शांततेत एखाद्या दिंडीचा टाळ वाजतच राहतो. ज्या दिंडीची तक्रार आहे, तिचा तो टाळ. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात. दखल घेतली गेली की तो टाळ थांबतो. हरवले-सापडले पुकारले जाते, उद्याची निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि मग समाजआरती होते.

आपल्याला सवयीने हे साधे वाटते. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने अशा गोष्टींचा जन्मभर अभ्यास केला. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पाणी, कुरणे, जंगले, मासेमारी ही सामाईक मालमत्ता लोक कुठे शतकानुशतके सांभाळतात आणि कुठे ओरबाडून संपवतात, हे त्यांनी देशोदेशीच्या नोंदींतून तपासले. टिकलेल्या ठिकाणी त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या. वाटा कोणाकोणाचा हे स्पष्ट असते. नियम तिथल्या लोकांनीच केलेले असतात. लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच असतात. पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते, मग वाढत जाते. आणि तंटा जवळच, स्वस्तात आणि लगेच मिटवायची जागा असते.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा दाखला त्यांनी दिला आहे. तिथे आठ कालव्यांचे पाणी शेतकरी पाळीने घेतात. पाळी चुकली तर पुढच्या फेरीपर्यंत थांबायचे. पुढच्या पाळीचा माणूस आधीच्याच्या बांधावर येऊन थांबलेला असतो, त्यामुळे वेगळा पहारा लागत नाही. दर गुरुवारी दुपारी बाराला शहराच्या मोठ्या चर्चच्या दारात पाण्याचे न्यायालय भरते. न्याय करणारे शेतकऱ्यांनीच निवडलेले शेतकरी. वकील नाही, कागद नाही. गाऱ्हाणे तोंडी, निकाल तिथेच. ही रीत शेकडो वर्षांची आहे. तिथले शेतकरी आपल्याहून संत आहेत असे नाही. त्यांची तक्रार गुरुवारच्या पलीकडे कुजत पडत नाही, एवढाच फरक.

दिंडीत आणि आमच्या रानात काय वेगळे होते, ते इथे मला सापडले. दिंडीत वडिलांची आणि तात्यांची जागा ठरलेली, रीत ठरलेली, शंभर डोळे पाहणारे, आणि तक्रार त्याच संध्याकाळी ऐकणारे कोणीतरी होते. विहिरीवर यांतले काहीच नव्हते. लाइट गेली तर बुडालेले तास कोणाचे, हे कधी बोललेच गेले नव्हते. पहाटे मोटरपाशी दोघेच असायचे आणि दोघांचे दोन हिशोब.

२००४ साली आमच्या दिंडीचे विणेकरी गावातल्या सप्ताहाला आले होते. त्यांच्या कानावर हे गेले. त्यांनी दोघांना देवळात बसवले. प्रेमाने राहा, असे एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारले, ‘‘पाळी किती तासांची, हे लिहिलेले कुठे आहे?’’ कुठेच नव्हते. त्यांनी तिथेच एका वहीवर लिहून घेतले. पाळी दिवसांची नाही, तासांची. लाइट गेली तर तास पुढे सरकतील, वही मोटरच्या खोलीत टांगलेली राहील, आणि ज्याला काही खटकेल त्याने त्याच संध्याकाळी देवळात येऊन सांगायचे, रानात बोलायचे नाही. सगळे लिहून झाले तरी एक गाठ उरलीच : अकरा वर्षांपूर्वीचे ते दोन तास. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘ते माझ्याकडून विठोबाला.’’ तात्या उठले आणि वडिलांच्या पाया पडले. या वेळी गावात.

वडिलांचे ते एक वाक्य नसते तर वही नुसतीच टांगलेली राहिली असती. आणि वही नसती तर ते वाक्य पुढच्या उन्हाळ्यात डीपीबरोबर पुन्हा जळाले असते. मला तर दोन्ही लागलेली दिसतात. आता दोघेही नाहीत. वही मी आणि तात्यांचा मुलगा चालवतो, चौथी चालू आहे. कुरबुरी अजून होतात. महिन्यातून एखादी संध्याकाळ देवळात जातेच.

माउली, आपल्याही घरात, बांधावर, सोसायटीत, भजनी मंडळात एखादा टाळ वाजत राहिला असेल. आपण त्याला आडमुठेपणा म्हणून कान बंद करतो. सोहळ्यात आपण तसे करत नाही. तिथे तो टाळ थांबल्याशिवाय आरती होत नाही. कोणाची तक्रार किती वर्षे ऐकायची राहिली आहे, ते एकदा आठवून पाहा. पाळी कुठे लिहिलेली आहे का, ते पाहा. नसेल तर लिहा. आणि लिहून झाल्यावरही जे दोन तास उरतील, ते विठोबाला द्या.

रामकृष्ण हरी.